आधार मिळालेल्या कुटुंबांच्याच तक्रारी जास्त : निष्कर्ष काय काढावा?

शोधछात्रा :

नमस्कार. मी समाजकार्य विषयात पीएच.डी. करीत आहे. लहान मुले असलेल्या आणि पैसा, आजारपण, एकटेपणा, घरातली भांडणे अशा अनेक बाजूंनी कोंडी झालेल्या कुटुंबांना नियमित गृहभेटींतून आधार मिळाला, तर मुलांचा छळ आणि हेळसांड कमी होते का, हा माझा प्रश्न आहे. एका संस्थेच्या कार्यक्रमात ज्यांच्याकडे कार्यकर्त्या दीड वर्ष दर आठवड्याला जात होत्या अशा कुटुंबांचा एक गट आणि त्याच काळात प्रतीक्षायादीवर राहिलेल्या कुटुंबांचा दुसरा गट, अशी मांडणी आहे. परिणाम मोजण्यासाठी मी बाल संरक्षण यंत्रणेकडे नोंदवल्या गेलेल्या तक्रारी घेतल्या. त्या तयार मिळतात, त्यांवर तारीख असते आणि माझ्या मताचा रंग त्यांना लागत नाही, असे तेव्हा वाटले होते.

आता आकडे हाती आले आहेत आणि ते उलटे आहेत. ज्यांना आधार मिळाला त्या कुटुंबांविरुद्धच्या तक्रारी प्रतीक्षायादीवरच्या कुटुंबांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहेत. माझे मार्गदर्शक म्हणतात, आले ते लिहा आणि कार्यक्रम निरुपयोगी ठरला असे नोंदवून मोकळ्या व्हा. संस्थेचे म्हणणे असे की कार्यकर्ती घरात जाते म्हणून तिला दिसते आणि दिसते म्हणून तक्रार होते. त्यामुळे हे आकडे छापणे कार्यक्रमावर अन्याय ठरेल. दोन्ही भूमिका ज्याच्या त्याच्या सोयीच्या आहेत, म्हणून माझा दोन्हींवर विश्वास बसत नाही. या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सांगावे : जास्त नजर पडल्यामुळेच हे घडले, असे दाखवून देता येते का? आणि तक्रारी सोडून दुसरे काय मोजायला हवे होते?

पद्धतीशास्त्र :

या पेचात तुमच्याआधी बरीच नामवंत मंडळी सापडलेली आहेत, एवढा दिलासा आधी देतो. अमेरिकी संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे ४०० गर्भवती स्त्रियांना घेऊन जो यादृच्छिक (म्हणजे भेटी कोणाला द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणारा) प्रयोग सुरू केला, त्याचा दाखला गृहभेटींवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधात येतो. परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत घरी जात. भेटी थांबल्यानंतरच्या दोन वर्षांचा हिशेब १९९४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा छळ आणि हेळसांडीच्या नोंदींत दोन गटांमध्ये फरक सापडला नाही. त्याच मुलांच्या वैद्यकीय कागदपत्रांत मात्र इजा होण्याच्या किंवा घातक पदार्थ पोटात जाण्याच्या घटना भेटी मिळालेल्या गटात ४० टक्क्यांनी कमी होत्या आणि तातडीच्या विभागात आणले जाण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी होते. मूल तेच, घर तेच, आणि दोन दप्तरे दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती. पुढच्याच वर्षी या संशोधकांनी नजरेच्या प्रश्नावर वेगळा लेख लिहिला. भेटी मिळालेल्या कुटुंबांतही प्रकरणे नोंदली गेली होती, पण त्यांतील बिघाड तुलनेने कमी गंभीर होता, असे त्यात दिसते. मुले पंधरा वर्षांची झाल्यावर, १९९७च्या लेखात, सिद्ध झालेल्या नोंदीदेखील भेटी मिळालेल्या गटात जवळपास निम्म्या झालेल्या होत्या. तुमच्या मार्गदर्शकांप्रमाणे त्यांनीही सुरुवातीच्या नोंदींवरून निकाल देऊन टाकला असता, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

नोंद हे माप मुळातच किती तोकडे आहे, त्याची कल्पना एका आकड्यावरून येते. बालपणातील लैंगिक अत्याचारांविषयी जगभर झालेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात माणसांना स्वतःच्या अनुभवाबद्दल विचारले असता दर हजारी १२७ जणांनी होय म्हटले, तर शिक्षक, डॉक्टर, यंत्रणा यांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासांत हेच प्रमाण दर हजारी ४ होते. तुम्ही मोजता आहात ते या चाराच्या जातीचे माप आहे. ते कमी-जास्त होण्यात मुलाचे काय झाले यापेक्षा कोणाला काय दिसले याचा वाटा फार मोठा असू शकतो.

कॅथी विडम यांचा २०१५चा अभ्यासही अवश्य पाहावा. ज्यांचा लहानपणी छळ झाला ते पुढे आपल्या मुलांचा छळ करतात, हे आपण सगळेच गृहीत धरून चालतो. त्यांनी १९६७ ते १९७१ या काळातील छळाच्या किंवा हेळसांडीच्या न्यायालयीन नोंदी असलेल्या मुलांचा आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या तुलनागटाचा, ते प्रौढ होईपर्यंत, आणि पुढे त्यांची मुले मोठी होईपर्यंत, पाठपुरावा केला. यंत्रणेच्या कागदांत फरक मोठा होता. मुलांना आणि पालकांना प्रत्यक्ष विचारल्यावर शारीरिक मारहाणीच्या बाबतीत तो फरक उरला नाही; हेळसांड आणि लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत उरला. मुलांशी गैरवागणूक केलेल्या पालकांपैकीही ज्यांचा पूर्वेतिहास होता तेच यंत्रणेच्या कागदावर जास्त आले. म्हणजे नजरेचा परिणाम खरा आहे, पण तो सगळ्या प्रकारांत सारखा नाही. तुम्हीसुद्धा ‘तक्रार’ असा एकच ढीग करू नका.

प्रत्यक्ष काम सांगतो. प्रत्येक तक्रार कोणी केली हे पाहा आणि कार्यकर्त्यांनी स्वतः केलेल्या तक्रारी वेगळ्या काढून तुलना पुन्हा करा. पण त्या सरसकट वगळून ‘हाच खरा निकाल’ असे म्हणू नका, कारण कार्यकर्तीने केली नसती तर त्यांतील काही तक्रारी शाळेने किंवा डॉक्टरांनी केल्याच असत्या. भेटी चालू असतानाच्या आणि थांबल्यानंतरच्या तक्रारी वेगळ्या मांडा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्यकर्तीच्या डोळ्यांवर अवलंबून नसलेले एखादे माप मिळवा. अमेरिकेतील साउथ कॅरोलायनाच्या १८ काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) पालक-प्रशिक्षणाचा जो प्रयोग झाला आणि २००९ साली छापला गेला, त्यात सिद्ध प्रकरणे, मुलांना घराबाहेर ठेवण्याचे प्रमाण आणि रुग्णालयातील इजा अशी तीन मापे घेतली होती. त्या प्रयोगावर पुढे टीकाही झाली आहे, परंतु एका मापावर विसंबून न राहण्याची त्यांची रीत चांगली होती.

निवृत्त केस वर्कर :

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी मात्र आकड्यांच्या अलीकडचे, म्हणजे तो आकडा ज्या कागदावर जन्माला येतो त्या कागदाचे सांगते.

आमच्या गृहभेटीच्या तक्त्यात एक रकाना होता : ‘घरात पुरेसे अन्न आहे का? होय / नाही.’ एका घरी मी पोहोचले ती महिन्याची शेवटची तारीख होती. आईने स्वतःच कपाट उघडून दाखवले. एका डब्यात तळाला मूठभर धान्य आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा, बस्स. पगार दुसऱ्या दिवशी होणार होता. मी ‘नाही’वर खूण केली, कारण उत्तर खरोखरच ‘नाही’ होते. पुढच्या भेटीत कपाट भरलेले होते, बाळाचे वजन ठीक होते, आणि त्या भेटीच्या तक्त्यात मी ‘होय’ लिहिले. तीन वर्षांनी त्या कुटुंबाची वेगळ्याच कारणावरून बैठक झाली, तेव्हा नव्या कार्यकर्तीने फाईल वाचून सांगितले की या घरात हेळसांडीची पार्श्वभूमी पूर्वीपासून आहे. तिने लबाडी केली नव्हती. माझीच खूण तिने वाचली होती. नंतरचा ‘होय’ कोणी वाचत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की तुमच्या जास्तीच्या तक्रारींत मारहाण किती आणि हेळसांड किती, आणि त्या हेळसांडीत निव्वळ गरिबी किती, हे वेगळे केल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही. अमेरिकेत मुलांचा छळ आणि हेळसांड यांविषयी २००५-०६ मध्ये झालेल्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या खालच्या थरातील मुलांमध्ये छळाचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आढळले, तर हेळसांडीचे सुमारे सातपट. ही पाहणी नुसत्या यंत्रणेच्या नोंदींवर नव्हती. शाळा, रुग्णालये अशा ठिकाणच्या लोकांना जे दिसत होते तेही तिच्यात मोजले होते. त्यामुळे गरिबांवर जास्त नजर असते एवढ्याने हा फरक पूर्ण उडवून लावता येत नाही. तो खरा आहे. प्रश्न त्याच्या इलाजाचा आहे.

तो इलाज निदान काही अंशी पैसा आहे, असे म्हणायला आता आधार आहे. विस्कॉन्सिनमध्ये मुलाच्या वडिलांनी भरलेली पोटगी सरकारने कापून न घेता पूर्ण आईच्या हाती द्यायची की तिचा काही भागच द्यायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक ठरवले गेले होते. ज्या आयांना पूर्ण रक्कम मिळाली, त्यांच्या मुलांबाबत चौकशीस पात्र तक्रार होण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी कमी निघाली. रक्कम तशी किरकोळ होती. किमान वेतनाबद्दलही २०१७ साली असाच एक अभ्यास आला : तासाला एक डॉलर वाढ झाली की हेळसांडीच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटतात असे त्यात दिसले. त्या मालकांनी कोणाला पालकत्वाचे धडे दिले नव्हते.

म्हणून माझी विनंती अशी की तक्रारींचे नुसते आकडे न घेता त्यांतील मजकूर वाचा. ‘मुलाकडे दुर्लक्ष’ या दोन शब्दांखाली आईने दार बाहेरून लावून रात्रपाळीला जाणे येते आणि बापाने आठवडाभर दारू पिऊन पडणेही येते. पहिल्या घराला रात्री मूल सांभाळणारे कोणी तरी हवे असते, दुसऱ्याला अगदी वेगळे काही. संगणकात दोन्हींचा क्रमांक एकच.

शंकासुर :

दोन्ही प्रतिसाद पटण्यासारखे आहेत आणि तीच माझी अडचण आहे. तक्रारी कमी झाल्या असत्या तर आपण सर्वांनी ‘कार्यक्रम यशस्वी’ म्हटले असते; त्या वाढल्या तर ‘नजर वाढली’ म्हणतो. जे विधान कोणत्याही निकालाने खोटे ठरत नाही, ते संशोधनाच्या कामाचे नाही. नजर वाढल्यामुळेच तक्रारी वाढल्या असतील, तर वाढ मुख्यतः कार्यकर्त्यांनी केलेल्या, कमी गंभीर आणि भेटींच्या काळातल्या तक्रारींत दिसली पाहिजे. शाळा आणि रुग्णालयाकडून आलेल्या गंभीर तक्रारीही वाढल्या असतील, तर संस्थेला आवडो न आवडो, तसे लिहावे लागेल. हे विश्लेषण करण्यापूर्वी लिहून ठेवा, नंतर नव्हे.

आता मुख्य शंका. दोन गटांत वाटणी कोणी आणि कशी केली? मूळ प्रश्नात ‘प्रतीक्षायादी’ एवढेच आहे. ज्यांचा क्रमांक आधी आला त्यांना आधी घेतले, की जे जास्त अडचणीत दिसले त्यांना? दुसरे असेल, तर दोन गट पहिल्या दिवसापासूनच वेगळे होते आणि वरची सारी चर्चा दुय्यम ठरते.

लक्ष्य चुकण्याचा, म्हणजे कार्यक्रम भलत्याच कुटुंबांकडे जाण्याचा, प्रश्न उलट्या दिशेनेही गोत्यात आणतो. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील, कुटुंब टिकवण्याच्या सघन कार्यक्रमाचे मोठे यादृच्छिक मूल्यमापन १९९४ साली प्रसिद्ध झाले. मुलांना घराबाहेर काढण्याचे प्रमाण त्या कार्यक्रमाने कमी झाले नाही, आणि याचे एक मोठे कारण असे की तुलनागटातीलही बहुतेक मुले घराबाहेर काढली गेलीच नसती. जे घडणारच नव्हते ते टाळल्याचे श्रेय कसे मिळणार?

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. कुटुंबाला आधार देणाऱ्या माणसाला कुटुंब चांगले वाटू लागते. ब्रिटिश अभ्यासकांनी १९८३ साली याला आशावादाचा नियम म्हटले. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी २००० साली लंडनमध्ये छळाने मरण पावली, तेव्हा कित्येक खाती आणि रुग्णालये तिला ओळखत होती. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३च्या चौकशी अहवालात तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्याचे म्हटले आहे. तिच्या अंगावरच्या खुणा खरजेच्या आहेत असे एका डॉक्टरांनी ठरवले, आणि पुढे खरूज लागेल या भीतीने घरभेट टाळली गेली. हेळसांड म्हणजे बहुधा गरिबीच, हे वाक्य सरासरीत बरोबर असले तरी समोरच्या एका मुलाच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही.

मुलांना घराबाहेर ठेवण्याविषयीचे संशोधनही एका सुरात बोलत नाही, तेव्हा प्रबंधात एकच बाजू उद्धृत करू नका. जोसेफ डॉयल यांनी २००७ साली इलिनॉयच्या आकडेवारीवरून दाखवले की जी प्रकरणे अगदी काठावरची असतात, म्हणजे एक कार्यकर्ता मुलाला काढेल आणि दुसरा घरीच ठेवील, त्यांत घरी राहिलेल्या मुलांचे पुढे बरे झाले. तशाच पद्धतीने मिशिगनमध्ये झालेल्या २०२२च्या अभ्यासात मात्र घराबाहेर ठेवलेली मुले जास्त सुरक्षित राहिली आणि शाळेतही सुधारली. तिथे बहुतेक मुले काही काळाने घरी परतली होती, हेही ध्यानात घ्यावे.

शोधछात्रा :

सर्वांचे मनापासून आभार. शंकासुर यांच्या प्रश्नाने मला तीन दिवस संस्थेच्या दप्तरात बसवले. उत्तर लाजिरवाणे आहे. नाव नोंदवल्याच्या क्रमाने कुटुंबे घेतली जातील असे कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात लिहिले आहे आणि मी तेच प्रबंधाच्या आराखड्यात उतरवले होते. प्रत्यक्षात नोंदवहीत काही नावांपुढे पेन्सिलीने छोटी फुली आहे. त्या फुलीचा अर्थ विचारला, तेव्हा समन्वयक ताई सहज म्हणाल्या, ‘ही घरं थांबण्यासारखी नव्हती, म्हणून आधी घेतली.’ त्यांनी केले ते माणुसकीला धरूनच होते, पण माझे दोन गट तिथेच वेगळे झाले.

मग फुली नसलेली कुटुंबे तेवढी घेऊन तुलना केली. तक्रारींतला फरक बराच आटला, पण गेला नाही. उरलेल्या तक्रारींचा मजकूर एकेक करून वाचला. त्यांतील बहुतेक कार्यकर्त्यांनीच केलेल्या आहेत आणि पहिल्या काही महिन्यांतल्या आहेत. एका फाईलमध्ये कार्यकर्तीने तक्रारीच्या अर्जावर कारण लिहिले आहे : ‘पाळणाघरासाठी प्राधान्य मिळावे म्हणून.’ अर्थात, यंत्रणेकडे प्रकरण असल्याशिवाय पाळणाघराची जागा लवकर मिळत नव्हती, म्हणून आईच्या संमतीने तक्रार केली गेली. माझ्या तक्त्यात तिची गणना छळ आणि हेळसांडीत झाली आहे. अशा किती आहेत ते अजून मोजते आहे. कार्यकर्त्यांना सोडून इतरांनी केलेल्या गंभीर तक्रारींत दोन गटांत फरक दिसत नाही. पण त्या इतक्या थोड्या आहेत की त्यावरून काही ठामपणे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घरात आईला होणाऱ्या मारहाणीचा वेगळा विचार करावा का? आणि आता आयांना मुलांशी वागण्याविषयी थेट प्रश्नावली द्यायची असेल, तर त्या खरे सांगतील का?

पद्धतीशास्त्र :

फुलीची गोष्ट प्रबंधात जशीच्या तशी लिहा. परीक्षकाने ती शोधून काढण्यापेक्षा तुम्ही आधी सांगितलेली बरी.

घरातील मारहाणीचा विचार करावाच लागेल. एल्मायराच्याच कुटुंबांवर २००० साली आलेल्या लेखात असे दिसले की ज्या घरांत पंधरा वर्षांत मारहाणीचे २८हून जास्त प्रसंग आईने सांगितले, तिथे परिचारिकेच्या भेटींचा छळाच्या नोंदींवरचा चांगला परिणाम उरत नव्हता. भेटी आईशी होतात. मारणारा बहुधा त्या वेळी घरात नसतो. तुमच्या फाईलींत याची नोंद असेल तर कुटुंबे त्यानुसार वेगळी पाहा.

प्रश्नावलीबद्दल : मरे स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडलेली पालक-मूल संघर्षाची श्रेणी पुष्कळ वापरली जाते. ‘तुम्ही मुलाचा छळ करता का’ असे ती विचारत नाही. गेल्या वर्षभरात समजावून सांगितले का, ओरडलात का, चापट मारली का, असे नेमके प्रसंग विचारते, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मोठ्या झालेल्या मुलांना मागे वळून विचारण्याचा मोह झाला, तर २०१९चे एकत्रित विश्लेषण आधी पाहा. बालपणी प्रत्यक्ष नोंदलेला छळ आणि पुढे आठवून सांगितलेला छळ यांचा मेळ फारच कमी बसतो. नोंद असलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी पुढे तसे सांगितले नाही. ती माणसे खोटे बोलतात असा याचा अर्थ नाही. दोन पद्धतींना बऱ्याच अंशी दोन वेगळे समूह सापडतात.

निवृत्त केस वर्कर :

आया खरे सांगतील का, याचे उत्तर तुमच्या संमतीपत्रात आहे. ‘माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ असे छापू नका. मूल धोक्यात असल्याचे कळले तर तुम्हाला ते पुढे कळवावे लागेल, आणि हे त्या बाईला पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी, तिच्या भाषेत, तोंडी सांगावे लागेल. काही जणी त्यानंतर कमी बोलतील. ते नुकसान सोसा आणि मर्यादा म्हणून लिहा. नंतर कळवण्याची वेळ आली, तर ज्या बाईला आधी सांगितले होते ती निदान दार उघडते.

आणि त्या पाळणाघराच्या अर्जाची प्रत, नावगाव झाकून, परिशिष्टात लावता येईल का ते नीतिसमितीला विचारा. परवानगी मिळाली नाही तर त्यातील कारणाचे ते एक वाक्य मुख्य प्रकरणात उद्धृत करण्यापुरती तरी मागा.